दुसऱ्या गिअरची गाडी: कोकणात जुनी गाडी बदलताना काय बघावं

कोकणात गाडी ताशी शंभरच्या आसपास जाते ती मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरी झालेल्या तुकड्यांवर. तिथेही मध्येच वळण काढलेलं असतं, नाहीतर दुभाजकाला टेकून गुरं बसलेली असतात. बाकी सगळा प्रवास तीस ते सत्तरच्या दरम्यान. खाडीकडे उतरा, पूल ओलांडा, लगेच पलीकडचा चढ चढा, सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळावर, जरा सरळ रस्ता मिळतो न मिळतो तोच पुढच्या गावाची उतरण. अशा मुलखात ब्रोशरमधला सर्वोच्च वेग किंवा शून्यापासून शंभर गाठायचे सेकंद बघून गाडी ठरवणं म्हणजे पैसे एका गोष्टीचे द्यायचे आणि वापरायची दुसरीच. इथे गाडीची मजा दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये असते. दुसरो गेर बघ, पाचवो खय वापरतलस?

हा लेख आहे दहा-पंधरा वर्षं एखादी अल्टो, वॅगनआर, इंडिका, सँट्रो किंवा जुनी स्विफ्ट वापरलेल्यांसाठी. आता बदलायची आहे, यावेळी चालवायला जरा मजा येईल अशी हवी आहे, पण घरात तीच एक गाडी असणार. म्हणजे आंब्याच्या पेट्याही तीच नेणार, आजीला डॉक्टरकडेही तीच आणि चतुर्थीला मुंबईहून आलेल्यांना स्टेशनवरून घरीही तीच.

आधी जुन्या गाडीखाली शिरा

नवी बघायला जाण्याआधी जुनी गाडी गॅरेजच्या रॅम्पवर चढवा आणि खालून नीट बघा. खाऱ्या वाऱ्यात गाडी इंजिनाने नाही, पत्र्याने मरते. दारांखालचा उंबऱ्यासारखा लांब पट्टा, स्टेपनीचा खळगा, शॉकअब्सॉर्बर वरच्या बाजूला जिथे बसतो तो भाग, पेट्रोल भरायच्या नळीभोवतीचा पत्रा आणि सायलेन्सरचे जोड, एवढी ठिकाणं पुरेत. गंजाचा फोड दिसला तर स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने हलकं टोचा. रंगाचा पापुद्रा निघाला आणि आत पत्रा कडक लागला तर अजून वेळ आहे. टोक आत गेलं तर डेंटर कितीही गोड बोलला तरी त्या गाडीवर फार पैसे घालू नका.

पत्रा ठणठणीत असेल तर मात्र थांबा. अनेकदा गाडी सुस्त झालेली नसते, तिचे शॉकअब्सॉर्बर, बुश आणि टायर गेलेले असतात. चार चांगले टायर, चार शॉकअब्सॉर्बर आणि नवी क्लच प्लेट एवढ्यावर जुनी स्विफ्ट पुन्हा वळणात खेळायला लागते, आणि हा खर्च नव्या गाडीच्या कर्जाच्या मोजक्या हप्त्यांत बसतो. गाडी विकायला बसलेला माणूस हे तुम्हाला सांगणार नाही.

कागदांचंही बघा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. २०२२ पासून पंधरा ते वीस वर्षांच्या गाडीच्या नूतनीकरणाची फी पाच हजार रुपये झाली आहे. शिवाय आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे रबरी आणि इंधन वाहून नेणारे भाग त्याला धरून केलेले आहेत. जुन्या गाडीच्या पेट्रोलच्या नळ्या आणि सील मेकॅनिककडून एकदा तपासून घ्या, गाडी ठेवणार असाल तरी आणि विकणार असाल तरी.

मग टेप घेऊन घराभोवती फिरा

हे काम लोक करत नाहीत आणि मग गाडी बेड्याबाहेर, म्हणजे फाटकाबाहेर, रस्त्यावर उभी राहते. वाडीत येणारा रस्ता दोन्ही बाजूंनी चिऱ्याच्या गडग्यांमध्ये, म्हणजे दगडी बांधांमध्ये, अडकलेला असतो. सर्वात अरुंद जागी रुंदी मोजा. ब्रोशरमधली रुंदी सहसा आरसे सोडून दिलेली असते, त्यामुळे दोन्हीकडे वीतभर जागा जास्तीची धरा. आज तुमची अल्टो सहज वळते त्या कोपऱ्यावर चार मीटरच्या आतली गाडी बहुधा वळेल, साडेचार मीटरची सेडान मागे-पुढे करत वळेल, आणि तेही शेजाऱ्याच्या गडग्याचा एक चिरा आधीच पडलेला असेल तर. खळ्यात, म्हणजे अंगणात, चढताना पायरी किंवा पन्हळ असेल तर तिचीही उंची घ्या.

आता सामान. डिकीचे लिटर हा आकडा फसवा आहे, कारण आंब्याची पेटी लिटरमध्ये मोजत नाहीत. तुमच्याकडे जी पेटी वापरता ती, लाकडी असो वा पुठ्ठ्याची, तिची लांबी-रुंदी-उंची लिहून घ्या आणि शोरूममध्ये डिकीच्या तोंडाशी टेप लावा. काही हॅचबॅकची डिकी खोल असते, पण तिचा काठ इतका उंच की भरलेली पेटी उचलून आत सोडताना कंबर धरते. सेडानची डिकी मोठी, पण तोंड लहान. स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टस यांची डिकी ५२१ लिटरची आहे, तरी उभी, उंच वस्तू तिच्यात जाईलच असं नाही. मागची सीट साठ-चाळीस अशी दुभंगते का, हे लिटरपेक्षा जास्त महत्त्वाचं. एका बाजूला पेट्या आणि दुसऱ्या बाजूला आई, ही कोकणातली नेहमीची बैठक आहे. सीएनजीची टाकी डिकीतली जागा खाते आणि चढावरचा जोरही थोडा कमी करते, तेव्हा या लेखाच्या हिशेबात ती बसत नाही.

घरातल्या सर्वात म्हाताऱ्या माणसाला शोरूमला घेऊन जा. खुर्ची जमिनीलगत असेल तर बसता येतं पण उठता येत नाही. सेल्समन हसला तर हसू दे.

इंजिन: इथे घाई नको

सध्या या वर्गात दोन प्रकारची पेट्रोल इंजिनं मिळतात. साधी, म्हणजे टर्बो नसलेली, आणि लहान टर्बो. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्तीची हवा ढकलणारा पंखा. फरक आकड्यांत बघा. २०२४ ला आलेल्या स्विफ्टचं १.२ लिटरचं इंजिन साधारण ८२ पीएस (अश्वशक्तीसारखं माप) शक्ती आणि ११२ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारी ओढ, देतं, पण तो टॉर्क पूर्ण मिळतो ४३०० आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला ४३०० फेरे घेत असताना. स्कोडा कायलॅक, स्लाव्हिया आणि व्हर्टसमधलं १.० लिटरचं टर्बो इंजिन ११५ पीएस आणि १७८ न्यूटन-मीटर देतं, आणि तो १७५० आरपीएमपासूनच हाताशी असतो. ह्युंदाई आय२० एन लाइनचं १.० टर्बो १२० पीएस आणि १७२ न्यूटन-मीटर, तेही १५०० पासून.

हे घाटात कसं जाणवतं? आंबोली किंवा करूळ घाटातलं एखादं हेअरपिनसारखं वळण घ्या. समोरून एसटी उतरतेय, तुम्ही थांबल्यासारखे झालात, दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन दीड-दोन हजारावर आलं. गाडीत पाचजण, एसी चालू. साध्या इंजिनाच्या गाडीत आता पहिला टाकावा लागतो आणि इंजिन ओरडवत वर न्यावं लागतं. टर्बोची गाडी दुसऱ्यातच दोन हजाराच्या पुढे सरकली की ओढ घेते आणि वळण संपेपर्यंत तिसऱ्याची तयारी झालेली असते. कोकणात मजा म्हणतात ती हीच.

पण टर्बोची दुसरी बाजू विक्रेते गिळून टाकतात. पंधराशेच्या खाली लहान टर्बो इंजिन अगदी मेल्यासारखं असतं, कारण टर्बो फिरायला एक्झॉस्टचा जोर हवा आणि तो अजून तयार झालेला नसतो. बाजारपेठेत रिक्षामागे रांगताना, किंवा खड्डा चुकवून लगेच चढ धरताना हे जाणवतं. पहिल्या काही दिवसांत बऱ्याच जणांची गाडी चढावर बंद पडते, ती यामुळेच. सवय झाली की प्रश्न मिटतो, पण घरात नव्याने शिकणारं कोणी असेल तर विचार करा. दुसरं, टर्बोचं अॅव्हरेज तुमच्या उजव्या पायात असतं. हळू चालवली तर छान देते, घाटात पिळली तर आकडा झरझर उतरतो. तिसरं, तेल. टर्बोचं तेल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं आणि सांगितलेल्या वेळी बदलायचं. नाक्यावरच्या दुकानातलं "चालतंय सगळ्यांना" तेल तिला चालत नाही.

स्विफ्टची बाजू घ्यायची तर ती हलकी आहे, आणि हलकी गाडी वळणात जी खुशी देते ती आकड्यांत येत नाही. एकटे किंवा दोघंच फिरणार असाल, इंजिन वरच्या आरपीएमवर खेळवायला आवडत असेल, तर टर्बोचे जास्तीचे पैसे न देताही काम होतं. पाचजण आणि पेट्या घेऊन वरचेवर घाट चढायचा असेल तर टर्बो घ्या. माझं मत इतकं सरळ आहे.

डिझेलचा टॉर्क मोहात पाडतो. टाटा नेक्सॉनचं १.५ लिटरचं डिझेल इंजिन २६० न्यूटन-मीटर देतं, महिंद्रा एक्सयूव्ही ३एक्सओचं ३००. घाटात याला तोड नाही. मात्र आजच्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि तो स्वतःला साफ करायला अधूनमधून सलग, जरा वेगातला प्रवास मागतो. रोज घर ते बाजार, बाजार ते शाळा एवढीच धाव असेल तर तो तुंबतो, दिवा लागतो, आणि मग कार्यशाळेची फेरी. महिन्यातून अनेकदा मुंबई किंवा कोल्हापूर करणाऱ्यालाच डिझेल घ्यावं. महाराष्ट्रात नोंदणीच्या वेळचा एकरकमी करही पेट्रोलपेक्षा डिझेलला जास्त आहे.

इलेक्ट्रिक गाडी चढावर सगळ्यांना हसवते, कारण तिला टर्बोची वाट बघायची नसते. घरी पक्की पार्किंग, चांगलं अर्थिंग आणि छपरावर सौर पॅनल असेल तर जरूर चालवून बघा. पावसाळ्यात झाड पडून वीज गेली की परत यायला किती वेळ लागतो हे तुमच्या गावाचं तुम्हालाच माहीत.

गिअरबॉक्स

मॅन्युअल स्वस्त, टिकाऊ आणि घाटात सर्वात आज्ञाधारक. ऑटोमॅटिक हवी असेल तर प्रकार विचारा, नुसतं "ऑटोमॅटिक आहे" यावर समाधान मानू नका. एएमटी म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सलाच यंत्राचा हात. चढावर गिअर बदलताना ती क्षणभर श्वास रोखते, आणि ओव्हरटेक करताना तो क्षण लांब वाटतो. टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारा, मऊ आणि खमका. ड्युअल क्लच, म्हणजे पुढचा गिअर तयार ठेवणाऱ्या दोन क्लचचा, सर्वात चपळ, पण रांगत्या वाहतुकीत, चढावर अर्धवट थांबत-सरकत राहिलं की क्लच तापतो. अशा वेळी पुढच्या गाडीपासून अंतर पडू द्यायचं आणि एकदम पुढे जायचं, इंच-इंच सरकायचं नाही.

ऑटोमॅटिक घेतली तर हाताने गिअर धरून ठेवायची सोय हवीच. फोंडा किंवा कुंभार्ली उतरताना गाडी वरच्या गिअरमध्ये सुटली तर सगळा भार ब्रेकवर येतो आणि खाली पोचेपर्यंत पॅडचा जळका वास यायला लागतो. चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा एसटीच्या ड्रायव्हरांचा जुना नियम स्पोर्टी गाडीलाही लागू आहे.

जमिनीपासूनचं अंतर, आणि फेरीबोटीचा उतार

ग्राउंड क्लिअरन्स सगळे विचारतात. स्विफ्टचा १६३ मिलिमीटर, स्लाव्हिया-व्हर्टसचा १७९, कायलॅकचा १८९, मारुती फ्रॉन्क्सचा १९०, नेक्सॉनचा २०८. पण कोकणात आणखी एक गोष्ट बघावी लागते आणि ती कुठल्याच जाहिरातीत नसते: पुढचा बंपर चाकाच्या किती पुढे आणि किती खाली येतो.

दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेश्वी-बागमांडला किंवा दिघी-आगरदांडा, यापैकी कुठल्याही फेरीवर ओहोटीच्या वेळी जा. बोट खाली गेलेली असते, जेटीचा उतार उघडा पडलेला असतो, शेवाळाने बुळबुळीत, आणि त्याच्या टोकाला बोटीची लोखंडी फळी उलट्या कोनात टेकलेली. गाडी उतारावरून फळीवर जाते तेव्हा तिथे एक खोलगट व्ही तयार होतो. उंच गाडी नाक न लावता जाते. स्पोर्टी बॉडीकिट लावलेल्या गाडीची खालची काळी पट्टी त्या व्हीमध्ये खर्रकन घासते, आणि बोटीवरचा माणूस शांतपणे म्हणतो, "दाबा, काय होत नाय." होतं. असे प्रवास नेहमीचे असतील तर खालच्या ओठाची गाडी घेऊ नका. घेतलीच तर भरतीची वेळ बघून निघा आणि उतारावर तिरकी चढवा, म्हणजे एकावेळी एकच चाक कोनात येतं. वाट लांब पडते, पण बंपरपेक्षा स्वस्त.

टायरचंही तसंच. टायरवर १९५/५५ आर१६ असं लिहिलेलं असतं. १९५ मिलिमीटर रुंदी, आणि बाजूच्या भिंतीची उंची त्याच्या ५५ टक्के, म्हणजे साधारण १०७ मिलिमीटर. स्विफ्टच्या खालच्या मॉडेलांवरचा १६५/८० आर१४ घ्या: भिंत १३२ मिलिमीटर. रुंद आणि बुटका टायर वळणात चिकटून राहतो, स्टीअरिंग तल्लख वाटतं. पण जांभ्याचा धारदार तुकडा रस्त्याच्या कडेला उभा असला, किंवा पावसाच्या पाण्याखाली खड्डा लपला, तर बुटक्या टायरची भिंत कापली जाते आणि रिमला पोचा पडतो. भिंत कापलेल्या टायरला पंक्चरवाला हात लावत नाही, टायर बदलावाच लागतो. म्हणून सोळा इंची रिम ही कोकणातली मर्यादा समजा. वरच्या मॉडेलवर सतरा इंची देखणी रिम येत असेल आणि खालच्यावर सोळा, तर खालचं मॉडेल घेऊन उरलेल्या पैशांत चांगल्या कंपनीचे टायर घ्या. आणि स्टेपनी खरोखर आहे का तेही बघा. काही गाड्यांत तिच्या जागी पंक्चर किट असतं आणि कापलेल्या भिंतीपुढे त्याचं काही चालत नाही.

कोणकोणत्या गाड्या चालवून बघाव्यात

सगळ्या नाही. तीन पुरेत, आणि त्या तीन एकमेकींपेक्षा वेगळ्या असाव्यात.

माझ्या मते बहुतेक कोकणी घरांसाठी कायलॅक हा सर्वात समतोल पर्याय आहे. लांबी चार मीटरच्या आत, टर्बो इंजिन, ४४६ लिटरची डिकी, बऱ्यापैकी उंची, आणि भारत एनकॅपच्या धडक चाचणीत पाच तारे. खुर्च्या जरा कडक, मागे मधला माणूस अवघडतो. आय२० एन लाइन चालवायला सर्वात खेळकर, पण खाली बसते. फ्रॉन्क्सचं १.० टर्बो १०० पीएसचं, बाकीच्यांपेक्षा सौम्य, पण गाडी हलकी आहे आणि मारुतीचा मेकॅनिक प्रत्येक तालुक्याला सापडतो. एक्सयूव्ही ३एक्सओच्या थेट इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनाला १३० पीएस आहेत, जोर भरपूर, वळणात मात्र उंच गाडीचं झुकणं जाणवतं. स्लाव्हिया आणि व्हर्टस या दोघी बहिणी रस्त्यावर सर्वात सुंदर. १.५ लिटरचं १५० पीएस आणि २५० न्यूटन-मीटरचं इंजिन घेतलं तर राजापूर ते पणजी प्रवास संपू नये असं वाटतं. पण गडगा, फेरी आणि खळं यांची परीक्षा आधी पास झाली पाहिजे.

"स्पोर्ट" नावाची पट्टी, लाल शिलाई आणि सायलेन्सरच्या दोन नळ्यांचा देखावा यांना इंजिन आणि सस्पेन्शन तेच असेल तर एक रुपयाही जास्त देऊ नका. सनरूफचंही सांगतो. आंब्याखाली गाडी उभी राहणार असेल तर पानं, मोहोर आणि चीक सनरूफच्या पाणी जायच्या बारीक वाटांत साचतात, आणि पहिल्या जोराच्या पावसात पाणी छतातून मांडीवर येतं. पैसे देऊन घ्यायची गोष्ट नव्हे. सहा एअरबॅग आणि घसरताना गाडी सावरणारी ईएससी यंत्रणा मात्र सोडू नका. ओल्या घाटात, त्यातही पहिल्या पावसात तेलकट झालेल्या रस्त्यावर, ती खरोखर कामाला येते.

सर्व्हिस सेंटर किती लांब

कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतःचा पिनकोड टाका. सर्वात जवळचं अधिकृत सर्व्हिस सेंटर रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ यापैकी कुठे असेल तर ठीक. काही कंपन्यांसाठी कोल्हापूर किंवा गोवा गाठावं लागतं. म्हणजे साध्या सर्व्हिसिंगलाही एक अख्खा दिवस आणि एक घाट. ते मान्य असेल तर हरकत नाही, पण घरच्यांना आधीच सांगून ठेवा. सेंटरला फोन करून पुढचा बंपर, विंडशील्ड आणि क्लच सेट यांची किंमत आणि ते यायला लागणारे दिवस विचारा. उत्तर कसं मिळतं यावरून पुढची पाच वर्षं कशी जातील हे कळतं.

चाचणी: शोरूमच्या रस्त्यावर नको

शोरूमवाले सपाट रस्त्यावर दोन किलोमीटरची फेरी मारून आणतात. ती नम्रपणे नाकारा. रत्नागिरीत असाल तर आरे-वारेचा चढ, चिपळुणात परशुराम घाट, सावंतवाडीत आंबोलीकडचा पहिला टप्पा, कणकवलीत फोंड्याचा. जास्तीच्या किलोमीटरचं पेट्रोल तुम्ही भरतो म्हणालात तर बहुतेक तयार होतात.

गाडीत चारजण बसवा आणि एसी लावा. चढावर मुद्दाम थांबा आणि पुन्हा निघा. हिल होल्ड असेल तर गाडी दोन-तीन सेकंद धरून ठेवते, नसेल तर हँडब्रेकवर निघून बघा. मग एका वळणात दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन पंधराशेवर येऊ द्या आणि पूर्ण अॅक्सिलरेटर दाबा. किती वेळ काही होत नाही, तो वेळ लक्षात ठेवा. ओव्हरटेकचा तिसरा गिअर बघा. खराब डांबरावर चाळीसने जा आणि मागे बसलेल्याला विचारा. तुम्ही स्टीअरिंग धरून बसलेले असता, हादरे त्याला बसतात. परतताना रात्र होत असेल तर उत्तम, कारण हेडलाइटचा खरा उजेड शोरूममध्ये कळत नाही आणि गावच्या रस्त्याला खांब नसतात.

सेकंडहँड घ्यायची असेल तर

या वर्गात जुनी गाडी घेणं शहाणपणाचं ठरू शकतं. फोक्सवॅगन पोलो २०२२ ला भारतात बंद झाली, तरी १.० टर्बोची चांगली ठेवलेली पोलो अजून अनेकांची पहिली पसंती आहे. पण पुरात बुडालेल्या गाड्यांपासून सावध. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुरात चिपळुणात कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाड्या धुऊन-पुसून दूरच्या बाजारात विकल्या जातात. कुठलीही गाडी बघताना सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाशी चिखलाची रेघ असते. स्टेपनीच्या खळग्यात हात घाला, पायाखालची मॅट आणि तिच्याखालचा फेस उचलून वास घ्या, सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का बघा. विमा कंपनीकडच्या दाव्यांचा इतिहास आणि सर्व्हिसच्या नोंदी मागा. टाळाटाळ झाली की निघा.

पैसे आणि कागद

२२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या, पेट्रोल १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर जीएसटी १८ टक्के आहे, त्याहून मोठ्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर ४० टक्के. वरच्या यादीतल्या बहुतेक गाड्या पहिल्या गटात बसतात, स्लाव्हिया-व्हर्टस दुसऱ्यात. वर्षाच्या अखेरीस सूट मिळते, पण गाडी कोणत्या महिन्यात बनली ते विचारा. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, त्यावरूनही अंदाज येतो. ताबा घेताना दिवसाउजेडी घ्या. पाडव्याला किंवा दसऱ्याला हार घालून संध्याकाळी घाईत मिळालेल्या गाडीवरचा ओरखडा दुसऱ्या दिवशी दिसतो, आणि तो कोणाचाच नसतो.

विम्यात इंजिन संरक्षणाची जोड घ्या. साचलेल्या पाण्यातून जाताना इंजिनात पाणी शिरून ते आतून तुटलं तर साध्या पॉलिसीत हा खर्च सहसा मिळत नाही. आणि पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही, ढकलून बाहेर काढायची. जुन्या गाडीवर नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, साठला असेल तर तो गाडीचा नसून तुमचा असतो. दावा न करता पाच वर्षं गेली असतील तर ५० टक्क्यांपर्यंत. जुन्या विमा कंपनीकडून पत्र घ्या आणि नव्या पॉलिसीला लावा. एक्स्चेंजमध्ये गाडी देताना हे हमखास विसरलं जातं.

जुनी गाडी गावातच ओळखीत विकणार असाल तर ओळख बाजूला ठेवून मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करा, कर्ज फिटलेलं असेल तर फॉर्म ३५ने बँकेचं नाव काढा आणि विक्रीची माहिती १४ दिवसांत आरटीओला द्या. "नाव मी सावकाश करतो" म्हणणाऱ्याला गाडी देऊ नका. नोंदणी ज्याच्या नावावर तोच कायद्याने मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे, म्हणजे त्याने कुठे ठोकली तर नोटीस तुमच्या पत्त्यावर येणार. ताबा देताना तारीख आणि वेळ घालून पावती करा, गाडीसोबत दोघांचा फोटो काढा.

नवी घरी आली की पहिल्या पावसाआधी खालून गंजरोधक लेप मारून घ्या. समुद्राकाठी गाडी नेली तर परतल्यावर खालचा भाग गोड्या पाण्याने धुवा, आणि वाळूत घालायचा मोह आवरा, कारण भरती ट्रॅक्टरची वाट बघत नाही. पावसाळ्यात आठवडाभर उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, पॅड चिकटतात. सपाट जागी गिअरमध्ये टाकून चाकाखाली चिरा लावा. पहिले हजार किलोमीटर इंजिन फार ताणायचं नाही, घाट असला तरी. आणि जुन्या गाडीच्या काचेवरचा फास्टॅग विक्रीच्याच दिवशी बंद करा, नाहीतर नवा मालक मुंबईला निघाला की टोलचे मेसेज तुमच्या फोनवर वाजत राहतात.